टाकीत गरम, नळाला गार

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचायचं झालं तर अडणार नाही. गुहागरजवळ तुमचं पाच खोल्यांचं होमस्टे, तीन खोल्या वर आणि दोन खाली. गच्चीवर काचेच्या नळ्यांचा ३०० लिटरचा सोलर, चार वर्षांचा. दिवाळीपासून खालच्या दोन्ही खोल्यांत गरम नळाला कोमट पाणी येतं, कधी चक्क गार. धार मात्र पूर्वीपेक्षा जोरात आहे. वर गरम येतं, पण एखाद्या सकाळी तिथेही कोमटच. टाकीतलं पाणी हात भाजेल असं. एक कारागीर बघून गेला आणि ३० च्या ३० नळ्या बदला म्हणाला. आणि अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंत की मे महिन्यात गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप बसवला, तो हल्ली रात्री कुणी नळ उघडलेला नसतानाही मध्येच सुरू होतो, पण तो वेगळा विषय.

तो वेगळा विषय नाही, ताई. माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे.

नळ्या बदलू नका. नळ्यांचं काम पाणी तापवायचं, आणि ते तापलंय हे तुम्ही स्वतः हात घालून पाहिलंत. मी २६ वर्षं चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यात प्लंबिंग आणि सोलरची कामं करतोय. टाकी गरम आणि नळ गार अशी तक्रार आली की मी गच्चीवर न जाता आधी न्हाणीघरात जातो.

आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तोटीतून गरम पाणी बाहेर यायचं. गार आत गेल्याशिवाय गरम बाहेर नाही. तुमच्या सोलरची टाकीही तशीच चालते. गच्चीवरच्या गार पाण्याच्या काळ्या टाकीतलं पाणी उंचीच्या जोरावर सोलरच्या टाकीत तळाशी शिरतं, वरचं गरम पाणी ढकलतं आणि ते पाइपने खाली येतं. म्हणजे गरम पाण्याला जोर फक्त उंचीचा. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब (चौरस सेंटीमीटरला), हा आमचा हिशोब. तुमच्या गच्चीवरून तळमजल्याच्या नळापर्यंत सहा-सात मीटर धरले तर दाब पाऊण किलोच्याही आत. वरच्या मजल्याला तर त्याच्या निम्माच.

आता गार लाइनीला तुम्ही पंप बसवलात. घरगुती प्रेशर पंप दीड-दोन किलो सहज देतो. एका बाजूला दोन किलो, दुसऱ्या बाजूला अर्धा-पाऊण. या दोन लाइनी घरात कुठे एकमेकींना भेटतात? प्रत्येक मिक्सरमध्ये, म्हणजे गार-गरम एकत्र करणाऱ्या नळात. एखाद्या मिक्सरमध्ये गार-गरम दोन्ही बाजू उघड्या राहिल्या आणि पुढचं तोंड बंद असलं, तर गार पाणी काय करेल? बाहेर जायला वाट नाही, मग ते गरम लाइनीत शिरेल आणि उलटं वर चढेल. त्या लाइनीवरचा कुठलाही गरम नळ उघडा, आधी हे घुसलेलं गारच बाहेर येणार, आणि तेही पंपाच्या जोराने. म्हणून तुमची धार जोरात आहे. सोलर बिघडला असता तर धार होती तेवढीच राहिली असती. आणि पाणी असं चोरवाटेने सरकत राहिलं की लाइनीतला दाब पडतो, पंपाला वाटतं कुणीतरी नळ उघडला, आणि तो रात्री दोन वाजता घुर्र करतो.

मग हे दिवाळीपर्यंत कळलं का नाही? पंप मेमध्ये बसला, तेव्हा गरम नळ कोण उघडतंय? जूनपासून पावसात पाहुणेही नाहीत आणि ऊनही नाही.

हर्णैला एका घरी हाच प्रकार होता, तो सांगतो. चार खोल्या. मालकाची सोलरची टाकीसुद्धा बदलून झाली होती, तरी पाणी गार. मी पहाटे पाचला गेलो, कारण दिवसा उन्हाने काळी टाकी तापते आणि काही कळत नाही. गच्चीवर चढून काळ्या टाकीत हात घातला, तर पाणी कोमट! रात्रभर वारा लागलेल्या टाकीत पहाटे कोमट पाणी कुठून येईल? सोलरच्या टाकीतून. पंपाचं गार पाणी गरम लाइनीतून उलटं सोलरच्या टाकीत जात होतं आणि तिथलं पाणी गार पाण्याच्या इनलेटवाटे परत काळ्या टाकीत. रात्रभर गोल फेरा. मालक म्हणाले, गार नळालाही कधीकधी कोमट पाणी येतं म्हणून पाहुणे कौतुक करतात.

मग खोल्या धुंडाळल्या. कोपऱ्यातल्या खोलीत संडासातल्या जेटचा पाइप मिक्सरच्या पुढून काढलेला. थंडीत जेटचं पाणी फार गार लागतं म्हणून कुणा पाहुण्याने कुरकुर केली, तर प्लंबरने जेटला कोमट पाणी मिळावं म्हणून ही शक्कल काढली. मिक्सरचे दोन्ही नॉब कायम उघडे आणि पाणी अडवलेलं फक्त जेटच्या चापाने. म्हणजे गार आणि गरम लाइन २४ तास एकमेकींत उघडी. एका जेटपायी नवी टाकी गेली. हाताने बंद होणारा शॉवर असला आणि पाहुणा मिक्सर न मिटता शॉवरच मिटून गेला, तरी तेच होतं. मिक्सर जुना असला आणि आतली कार्ट्रिज, म्हणजे पाणी सोडणारा-अडवणारा गाभा, झिजलेली असली तर नॉब बंद असूनही आतल्या आत पाणी इकडचं तिकडे जातं. ते बाहेर गळत नाही, म्हणून दिसत नाही.

तुमच्याकडे नक्की हेच आहे का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. पाहुणे नसतील अशा दिवशी भाऊंना मदतीला घ्या. गच्चीवर सोलरच्या टाकीतून गरम पाणी ज्या पाइपने बाहेर पडतं त्यावरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. टाकीच्या डोक्यावर जो उभा उघडा पाइप आहे, तो व्हेंट, त्याला हात लावायचा नाही. त्याला कधीही बूच, व्हॉल्व्ह, चिंधी काही लावायचं नाही. टाकीचा श्वास तो आहे.

खाली या. तळमजल्यातल्या एका न्हाणीघरात फक्त गरम नळ उघडा आणि खाली बादली ठेवा. पाइपात उरलेलं पाणी थोडं येईल, बारीक होईल, थांबेल. थांबलं तर लाइनी एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, मग पुढचं वाचा. पण बादली भरली तरी धार तशीच राहिली, तर विचार करा, सोलरची वाट आपण बंद केलीय, मग हे पाणी येतंय कुठून? गार लाइनीतून. दुसरं कुठून येणारच नाही.

आता तो नळ तसाच वाहू द्या. एकाने बादलीपाशी थांबायचं, दुसऱ्याने एकेका खोलीत जाऊन गार पाण्याचा अँगल कॉक किंवा भिंतीतला स्टॉप कॉक बंद करत जायचं. सुरुवात ज्या खोलीत नळ वाहतोय तिथूनच करा. स्वयंपाकघरातलं सिंक आणि तुमचं स्वतःचं न्हाणीघर विसरू नका. लोक नेमकं घरचंच विसरतात. ज्या खोलीचा कॉक फिरवल्यावर बादलीपाशी उभा असलेला माणूस ‘थांबलं!’ म्हणून ओरडेल, ती खोली. धार थांबली नाही, नुसती कमी झाली, तर मिसळ एकाहून जास्त ठिकाणी आहे. तो कॉक बंद ठेवूनच पुढच्या खोलीत जा.

दुरुस्ती सोपी आहे. जेट मिक्सरवर असेल तर काढून सरळ गार लाइनीवर घ्या. कोमट जेटचा लाड आपल्या हवेत कुणाला लागत नाही. कार्ट्रिज झिजली असेल तर ती तेवढी बदलून मिळते, अख्खा मिक्सर फोडून काढायची गरज नसते. आणि त्या मिक्सरच्या दोन्ही बाजूंना एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावून घ्या. इथे एक खोच आहे. स्प्रिंगचा एनआरव्ही उघडायलाच थोडा दाब खातो. गार बाजूला पंप आहे, तिथे चालेल. गरम बाजूला मुळात दाबच अर्धा किलो, तिथे झडपेचा घ्या आणि तो आडव्या पाइपात बसवा. नाहीतर रोग गेला आणि धारही गेली, असं होईल.

आणि एक गोष्ट कुणीही सुचवली तरी करू नका. ‘मग पंप सोलरलाही जोडून टाकू, दोन्हीकडे सारखा दाब’ असं म्हणणारे भेटतात. तुमची टाकी उघड्या व्हेंटची, बिनदाबाची आहे. तिला पंपाचा दाब दिलात तर व्हेंटमधून कारंजं उडेल, आणि व्हेंट चोंदलेला असला तर टाकी फुगेल. गरम लाइनीला जोर हवाच असेल तर गरम पाण्याला चालणारा छोटा पंप टाकीच्या पुढे, बाहेर पडणाऱ्या पाइपवर बसतो. आत जाणाऱ्या पाइपवर नाही.

आता समजा, व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाणी थांबलं. म्हणजे माझी अटकळ चुकली. तुमच्या फोटोत मला दुसरीही एक गोष्ट दिसली. खालच्या खोल्यांचा गरम पाइप गच्चीवरून कठड्यावर चढवून मग भिंतीवरून खाली सोडलाय. त्याला आम्ही उंट म्हणतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांनी सुटते, आणि ती या उंटाच्या पाठीवर जाऊन बसते. दाब कमी, त्यामुळे पाणी ती हवा ढकलू शकत नाही. हवा अडकली की धार करंगळीएवढी होते, मध्येच थुंकल्यासारखी येते, कधी बंदच पडते. तुमची धार जोरात आहे म्हणून मी हवेला दुसऱ्या नंबरवर ठेवलं, एवढंच. थंड देशांत घरं तापवायला बॉयलर आणि खोल्याखोल्यांत रेडिएटर असतात, तिथेही बॉयलर तापतो आणि एखादा रेडिएटर वरच्या अंगाला गार राहतो. कारण बहुधा हीच हवा. त्यांच्या रेडिएटरला वरच्या कोपऱ्यात हवा सोडायला बारीक चावी असते. आपल्याकडे चावी नाही, कठडा आहे.

हवा काढायला वर ज्याला दोष म्हटलं तेच तात्पुरतं औषध. आधी गच्चीवरचा बंद केलेला व्हॉल्व्ह परत उघडा. खालच्या खोलीत शॉवरच्या तोंडाला हाताने किंवा रबराने नीट बंद करा, मिक्सरच्या दोन्ही बाजू उघडा आणि पंपाचं गार पाणी मिनिट-दोन मिनिटं मुद्दाम उलटं वर जाऊ द्या. हवा टाकीत जाऊन व्हेंटमधून निघून जाईल. मात्र पाणी उतू जाईल म्हणून गच्चीवर एक माणूस ठेवा, तोही व्हेंटपासून लांब, कारण तिथून उडणारं पाणी उकळतं असू शकतं. कायमचा उपाय म्हणजे कठड्याला भोक पाडून पाइप खालून काढणं. ते नको असेल तर उंटाच्या पाठीवर उभी नळी लावायची, तिचं तोंड काळ्या टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यायचं. पातळीच्या खाली ठेवलंत तर गच्चीत तळं होईल.

पाइपाची लांबीही मोजून बघा. एक इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला सुमारे ०.४३ लिटर पाणी मावतं. टाकीपासून खालच्या कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत ३० मीटर असेल तर जवळपास १३ लिटर गार पाणी आधी बाहेर पडणार, मग गरम. पाहुणा पाच लिटर सोडून बघतो आणि तक्रार करतो. पाऊण इंचीत हेच आठ लिटरच्या आसपास होतं. शिवाय पाइपावर फोम नसेल तर रात्री पाइपातलं सगळं गार. फोम लावलात तर वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा, नाहीतर ऊन आणि खारी मिळून दोन वर्षांत त्याचा चुरा करतात.

नळ्यांबद्दल थोडं, तो कारागीर परत येईल म्हणून. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आत चंदेरी डाग असतो. तो चकाकता असेल तर नळीतली निर्वात पोकळी शाबूत. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, ती नळी मेली. ३० नळ्यांची टोकं बघायला दहा मिनिटं लागतात. जेवढे डाग पांढरे तेवढ्याच नळ्या बदला. दोन-चार निघाल्या तरी घाबरायचं कारण नाही. नळी काढायची किंवा बदलायची झाली तर पहाटेच, उन्हं यायच्या आत. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापू शकते. त्यात गार पाणी पडलं की काच फुटते, आणि ती तुमच्या हातात असते. आपल्याकडे नळ्या फुटायचं मोठं कारण वांदर आणि वरून पडणारा नारळ. एक नळी फुटली तरी अख्खी टाकी रिकामी होते, हे लक्षात असू द्या.

माडांवरून आठवलं. गच्चीच्या दक्षिणेला माड आहेत का? मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरला सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर असतो, माडाची सावली माडाखालीच. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही ४९ अंशांवरच चढतो, आणि पॅनेलपेक्षा १० मीटर उंच असलेल्या माडाची सावली पावणेनऊ मीटर उत्तरेला पडते. म्हणजे सोलर बसवताना मेमध्ये जागा मोकळी दिसते आणि नेमकी थंडीत सावली येते. तुमची टाकी तापतेय, म्हणून हा आज प्रश्न नाही. पण शेजारच्या आगरातल्या माडावर लक्ष ठेवा, तोही वाढतोय.

विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ होतं का, हेही बघा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी एरवी मऊ असतं, देशावरच्यासारखी नळ्यांत पांढरी पुटं फारशी धरत नाहीत, तळाला तांबडा गाळ बसतो तेवढाच. पण खाऱ्या पाण्याने स्टीलच्या टाकीला आतून टाचणीएवढी भोकं पडतात. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असेल तर काढून बघा. चार वर्षांत ती संपलेली असायची दाट शक्यता आहे. टाकीऐवजी स्वतः झिजायचं हेच तिचं काम.

पावसाळ्यासाठी टाकीत २ किलोवॅटची कॉइल आहे म्हणालात. ३०० लिटर पाणी २५ अंशांनी वर न्यायला तिला सव्वाचार तासांच्या आसपास लागतात आणि पावणेनऊ युनिटं वीज जाते. म्हणजे सकाळी सातला पाणी हवं तर पहाटे साडेसहाला बटण दाबून उपयोग नाही. कॉइलच्या लाइनीला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, आहे ना, एवढं वायरमनकडून तपासून घ्या. खाऱ्या हवेत तिथली कनेक्शनं हिरवी पडतात. तिथे स्वतः हात घालू नका.

आणि एक, हे दुरुस्त झाल्या दिवसाचं. गेले काही आठवडे खालच्या खोल्यांत सगळे गरम नळ पूर्ण उघडूनच आंघोळ करतायत, कारण येत होतं कोमट. वाट मोकळी झाली की त्याच नळाला ६०-७० अंशांचं पाणी येईल. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, लहान पोराला तर त्याहून लवकर. म्हणून काम झाल्यावर पहिली बादली तुम्ही स्वतः भरा, दोन्ही न्हाणीघरांत ‘आधी गार सोडा, मग गरम’ अशी पाटी लावा, आणि खोल्या आवरणाऱ्या मावशींना सांगा की पाहुणे गेले की शॉवर नाही, मिक्सर बंद करायचा.